हात सैल सोडा
टायरच्या दुकानापाशी रबराचा वास आला की योगाची ती चटई आठवून डोकं फिरतं. अपघातात बायको गेल्यापासून मला झोप नव्हती. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत योगही सांगितला, म्हणून सुनेनं पंचवटीतल्या वर्गाला नेलं. चटईवर आडवं पाडून तिथली बाई म्हणाली, “काका, डोळे मिटा, हात सैल सोडा.” मी उठून बसलो. “डोळे मिटले की टेम्पो दिसतो, बाई. रस्त्यात हिचा हात धरला होता, तो लोकांनी सोडवला. आता परत सोडू?” बाई हळूच म्हणाली, “मग नका सोडू. डोळे उघडे, मूठ घट्ट, श्वास फक्त सावकाश.” एवढं आधी सांगायला काय झालं होतं? तसाच पडलो आणि चक्क घोरायला लागलो. सून हलवायला लागली, “मामा, उठा, लोकं हसताय!” वर्ष झालं, तशी झोप पुन्हा नाही. अजून दहा मिनिटं पडू दिलं असतं तर काय बिघडत होतं?