मोडक्या वस्तूंचा वर्ग

सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी परदेशी जाऊन आलेल्या शिवणवाल्या वहिनींनी तिथे पाहिला तसा दुरुस्तीचा वर्ग छोट्याशा अनुदानातून आपल्या गल्लीत काढला. मोडकं आणायचं आणि शेजाऱ्याकडून शिकून स्वतःच नीट करायचं. खोली भरली, पण चारचौघांत मोडकं कोण दाखवणार? सगळ्यांनी धडधाकट वस्तू घासूनपुसून आणल्या होत्या. पहिलाच वर्ग फसणार, असं वहिनींना वाटू लागलं.

तेवढ्यात त्यांच्या सासूबाई दांडी तुटलेला चष्मा दोऱ्याने कानाला बांधून आल्या. "हा बघ गं आधी. घरी तर तुला वेळ नसतो."

खोलीत हशा पिकला. घड्याळवाले काका स्क्रू शोधू लागले, बाकीचे मोडकं आणायला घरी पळाले. त्या रेटारेटीत दाराची बिजागरीच निखळली.

"थांबा," वहिनी हसू आवरत म्हणाल्या, "आधी दारच शिकू या."