काळ्या सिलेंडरला नकार

पुसाची, म्हणजे पौषातली थंडी होती. कामरगावच्या शिवारात तुरीवर धुकं बसलेलं आणि ऊन वर आलं तरी अंगणातली फरशी पायाला चावत होती. माणिकरावांच्या मागच्या भिंतीला शिडी टेकवून कारंज्याची एसी मिस्त्री रंजीता तांब्याची नळी क्लिपांनी आवळत होती. थंड हवा देणारे एसी गावात होते, पण गरम हवाही देणारा हा पहिलाच. तोही भर थंडीत.

"माणिकराव, पुसात एसी? घरात बरफ पाडता काय?" फाटकातून कोणीतरी टोमणा मारला.

"लेकरू येऊन राह्यलं," माणिकराव म्हणाले.

लेक मंजुषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. अकोल्याच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती आणि आज संध्याकाळी घरी यायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली उबदार ठेवा, पण बाजेखाली शेगडी नको. फुप्फुसं कच्ची आहेत, धूर सोसायचा नाही. माणिकरावांच्या पत्नी बेबीताईंना ते पटायला वेळ लागला. या घरातली सगळी लेकरं शेगडीच्या उबेवर वाढलेली. शेवटी त्यांनीच ती उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

एसीचं बाहेरचं मशीन मागं, खोली पुढं. नळी लांबली आणि मधे एक जोड आला. रंजीतानं तो टॉर्चनं तापवून जोडला आणि नळीत नायट्रोजन भरला. मशीनचा गॅस सोडायच्या आधी असा दाब भरून काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला की कुठंतरी गळती आहे.

काटा उतरला.

तिनं ब्रशनं एकेका नटाला साबणाचा फेस लावला. नट कोरडे निघाले. जोडावर मात्र फेसाचा फुगा हळूहळू मोठा झाला. दाब सोडून तिनं जोड पुन्हा केला, पण तो तपासायला आता नायट्रोजन उरला नव्हता. कारंज्याच्या दुकानात फोन केला तर अकोल्याहून गाडी दुपारनंतर येणार म्हणाले.

माणिकरावांना दम निघेना. ते स्टँडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि जीपमधून काळं, पांढऱ्या गळ्याचं सिलेंडर घेऊन आले. सोबत दुकानवाला किसनसिंगही आला.

"घे पोरी. ऑक्सिजन हाये. दाबच पाह्याचा हाये ना? वारा तं वारा," माणिकराव म्हणाले.

रंजीतानं हात पुसले. "काका, हे मी नाही लावत."

"काहून?" किसनसिंग हसला. "किती मेकॅनिक माह्याकडूनच नेतेत. अजून कोनाची तक्रार नाही आली."

"तक्रार कराले मानूस उरला पायजे ना, भाऊ."

किसनसिंगचं हसू थांबलं.

"नळीच्या तोंडाले तेल लावून नट कसतो आमी," रंजीता म्हणाली. "मशीनच्या पोटातबी तेल हाये. दाबातला ऑक्सिजन तेलाले भेटला का पेटते. काडी लावा लागत नाही."

"अन् माह्या नातीले थंडी वाजली तं?" माणिकरावांचा आवाज चिरकला. "तू भरून देशीन? कारंज्यात दुसरे मिस्त्री हायेत."

"हायेत. बोलवा."

तिनं दाबाच्या काट्याच्या नळ्या काढल्या, तोंडाला टोप्या घट्ट बसवल्या, सगळं पिशवीत घातलं आणि पिशवी मांडीवर घेऊन मशीनपाशीच बसून राहिली.

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं, विकासचं. एका मंगल कार्यालयात उद्घाटनाची घाई होती, नायट्रोजन मिळाला नाही आणि त्यानं असंच ऑक्सिजनचं सिलेंडर लावलं. मशीन फुटलं. तो वाचला, डोळे गेले. मग बाजेवर बसून त्यानं तिला शिकवलं. नळीचं तोंड नीट उमललं की नाही, ते अंगठा फिरवून तो सांगायचा. पहिले कितीतरी महिने ती शिडीवर आणि तो फोनवर, असंच काम चाललं.

यातलं तिनं अंगणात एकच वाक्य सांगितलं, "माह्या नवऱ्याचे डोळे यातच गेले, काका."

माणिकराव ओट्यावर बसले. बेबीताई दारातून बाहेर आल्या.

"येऊ द्या अकोल्याची गाडी. तवरोक लेकराले मी छातीशी धरतो. नर्सबाईनं शिकवलं हाये मले."

"पन—"

"पन काय? त्या पोरीले जीवावर उदार व्हाले लावता काय?"

किसनसिंगनं सिलेंडर स्वतःच जीपमध्ये चढवलं. जाता जाता रंजीतापाशी थांबला आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच पेटते काय?"

"घरी या माह्या. त्याईले पाहून जा."

तो जीपमध्ये जाऊन बसला.

नायट्रोजनच्या आधी बाळाला घेऊन मंजुषाच आली. बेबीताईंनी नात घेतली, उघड्या छातीशी धरली, वरून शाल ओढली आणि चुलीपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या. मुठीएवढं डोकं शालीतून जेमतेम दिसत होतं. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. मंजुषा आईच्या शालीकडे पाहायची, मग मागच्या दाराकडे.

नायट्रोजनचं सिलेंडर आलं. रंजीतानं दाब भरला. माणिकराव येऊन काट्यासमोर उकिडवे बसले ते उठलेच नाहीत. चहा आला, गार झाला. काटा जागचा हलला नाही. पुन्हा फेस लावला, जोड कोरडाच राहिला. मग नायट्रोजन सोडून तिनं पंप लावला, नळीतली हवा आणि ओल ओढून घेतली, तेव्हा कुठं गॅस सोडला. खोलीनं ऊब धरली. बेबीताई आत गेल्या आणि त्यांनी शालीसकट नातीला मंजुषाच्या कुशीत ठेवलं.

"जेवून जाय वं," त्या रंजीताला म्हणाल्या.

"नको काकू. घरी वाट पाह्यतेत."

कारंज्याला पोचली तेव्हा विकास बाजेवर बसून होता. स्कुटीच्या आवाजानं त्यानं मान वळवली.

"काटा?"

"उभा राह्यला."

"अन् लेकरू?"

"झोपलं."

त्यानं मान हलवली. ती हातपाय धुऊन आली, ज्वारीचं पीठ परातीत घेतलं आणि भाकरीसाठी मळायला बसली.