हुंकाररावांचा हं

पाटी रंगवली अस्मादिकांनी आणि भोगलं हुंकाररावांनी.

वह्या-पेनांच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसतो. बावन्न पत्ते नव्हेत. चित्रांचे, ज्याने त्याने विकत घेऊन आपापला गठ्ठा जमवायचा. खेळात जीवघेणी गोष्ट एकच, वेळ. टाकलेला पत्ता लगेच लागू होत नाही. आधी समोरच्याला विचारायचं, "पुढे?" त्याच्याकडे तोड असेल तर ती तिथल्या तिथे वर टाकायची; वरची आधी लागू होते. त्याने एकदा जाऊ दिलं की गेलं, मग कपाळ बडवा. दुकानाच्या मालकीणबाईंनी पाटीसाठी वाक्य सांगितलं होतं: "समोरच्याचा होकार मिळाल्यावरच चाल लागू." अस्मादिकांनी रंगाच्या भरात होकाराचा हुंकार केला. तो पहिल्यांदा नीट वाचला डावातल्या औषधवाल्याने, आणि तोही गरज पडली तेव्हा.

"वादळ!" त्याने पत्ता आपटला. "तुमचे मांडलेले सगळे पत्ते साफ. पुढे?"

"हं," म्हणत हुंकारराव हातातले पत्ते चाळू लागले. औषधवाला त्यांचे पत्ते गोळा करायला वाकला.

"अहो, थांबा! माझ्याकडे बांध आहे. वादळ अडतं त्याने."

"हं म्हणालात की!"

"ते नुसतं ऐकतोय म्हणून."

"वा! आधी हं म्हणायचं, माझा चेहरा वाचायचा, मग हळूच बांध काढायचा. दर रविवारी हेच. पाटी वाचा. हुंकार! ह-ला उकार!"

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "राव, पुढच्या रविवारी निकाल लावते. लबाडी ठरली तर तुमची खुर्ची उचलली."

लबाडी नव्हती, पण सांगणार कसं? हुंकारराव लिफ्ट कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतात. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं. फोनवर शांतता झाली की आतल्याला वाटतं, हाही गेला सोडून. म्हणून ते अखंड हं हं करतात. तो हं इतका अंगात मुरलाय, की त्यावर बायकोने नवे पडदे आणि बहिणीकडची सहल वसूल केली. आठवडाभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड दिसत नाही. रविवारी निदान भांडणारा समोर असतो. खुर्ची गेली तर रविवारही फोनसारखाच.

त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. "मी मुद्दाम करतो का गं?"

"मला काय विचारता? पडदे घेताना विचारलं होतंत?" बायको म्हणाली.

मधल्या वारी फोन आला. कुजबुजता आवाज. "अडकलोय. दवाखान्याच्या इमारतीत."

"हं. घाबरू नका. हं. एकटेच आहात?"

"एकटाच. बोलू का पुढे?"

"हं."

"पुढे?"

"हं. हं."

"पुढे?"

लिफ्टमधला माणूस 'पुढे, पुढे' कशाला करेल? हुंकाररावांनी कान टवकारले. तेवढ्यात पलीकडे बाईचा आवाज आला, "अहो, ते खोकल्याचं औषध द्या ना, लहान बाटली." आणि फोन कट.

कोण ते कळलं. पण नियम म्हणजे नियम. मेकॅनिकला पाठवावंच लागलं. लिफ्ट खरंच अडकली असेल म्हणून तो बिचारा जिन्याने वरपर्यंत गेला, मजल्यामजल्यावर दार ठोठावत. लिफ्ट मात्र रिकामी, मजेत खालीवर.

रविवारी औषधवाला आला तो मान खाली घालून. मालकीणबाईंनी विचारताच म्हणाला, "जाऊ द्या. त्यांचा हं खोटा नाही. सवयच आहे."

"गेल्या रविवारी तर लबाड होते!"

"असं... वाटलं मला."

इथे गप्प बसले असते तर हुंकाररावांची खुर्ची शाबूत होती. पण मालकीणबाईंचे डोळे अजून बारीकच होते. दोघांनी आतून मिटवलं की काय, असे. आता जाऊ दिलं तर हा संशय कायमचा लागू. तोड टाकायची तर हीच वेळ. मान खाली घालून आलेल्या माणसाला उघडं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं, तरी त्यांनी घसा खाकरला.

"दवाखान्याच्या लिफ्टमध्ये खोकल्याचं औषध मिळतं म्हणे. लहान बाटली."

औषधवाल्याने पत्ते छातीशी धरले. कानापर्यंत लाल.

"कंपनीत खोटा फोन करून माझा हं तपासलात. बरोबर? पुढे?"

औषधवाल्याच्या तोंडून बारीकसा सुटला, "हं."

मालकीणबाईंनी पाटीकडे बोट केलं. "हुंकार मिळाला. चाल लागू." मग अस्मादिकांकडे वळल्या. "आणि तू रे, सुशिक्षिता! रंगाचा डबा आण."

पाटीवर आता होकार आहे, जरा वाकडा. हुंकारराव चांगलं मोठ्याने "हो" म्हणतात. औषधवाला मात्र अजून त्यांना पत्ता दाखवताना आधी अर्धाच दाखवतो.

मेकॅनिकला सगळं कळलं तेव्हा तो औषधाच्या दुकानावर गेला. पाय चोळत म्हणाला, "साहेब, एवढे जिने चढलो, चहा तरी पाजाल?" औषधवाला म्हणाला, "हं."

पाटी दुरुस्त झाली, तिथेच पंचाईत झाली. तो हं आता होकार म्हणून धरता येत नाही.