ग्रुपवर टाकलेला दुधाचा प्रयोग

आधी चहाचा कप खाली ठेवा बरं. विषय दुधाचा आहे, आणि माझी फजिती ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका!

मी भवानीनगरजवळच्या एका गावात शाळेवर आहे. सातवीला विज्ञान शिकवतो. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "सर, गुरुवारी केंद्रप्रमुख साहेब येतायत. ग्रुपवर पोरं काय शिकतात ते त्यांना दाखवा. नाही दाखवता आलं, तर तिथल्या तिथं ग्रुप बंद!"

झालं! आता इज्जतीचा सवाल. एरवी बाई माझ्याशी फार गोड वागतात हो. आमच्या दोन म्हशी आहेत आणि बाईंचा दुधाचा रतीब आमच्याकडेच आहे.

बुधवारी संध्याकाळी मी ऐटीत मेसेज टाकला: 'उद्या साहेबांसमोर दुधातील पाणी ओळखणे. प्रत्येकाने घरचे वाटीभर दूध आणावे.'

आता तुम्हीच सांगा, यात काय वावगं होतं? पण ग्रुप पोरांचा असला तरी फोन कुणाचे? बापाचे, नाहीतर आजोबांचे! मेसेज पोरांच्या आधी त्यांनी वाचला. आणि आमच्याकडं घरटी डेअरीला दूध जातं. 'साहेब', 'दूध' आणि 'पाणी' एका ओळीत म्हटल्यावर काय होणार?

पहिला फोन तात्यांचा. त्यांची नात माझ्या वर्गात.

"गुरुजी, आमची म्हस आजारी हाय. दूध जरा पातळ हाय. साहेबांना आधीच सांगून ठिवा."

"अहो तात्या, पोरांचा प्रयोग आहे तो!"

"व्हय व्हय, समजलं. आमी कुणाला सांगत न्हाय."

आणि त्यांनी मेसेज डेअरीच्या ग्रुपवर ढकलला! तिथून तो शेजारच्या गावात गेला. जाता जाता त्याला शेपूट फुटलं: 'उद्या शाळेत धाड.' मी ग्रुपवर खुलासा टाकला, 'घाबरू नये.' मग तर लोक जास्तच घाबरले!

सकाळी निघताना मी बायकोला म्हटलं, "साहेबांच्या चहाला किटली भरून दूध दे. घट्ट पाहिजे! रतीबाचं तू बघ काहीतरी."

शाळेत पोचतो तर फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग! प्रत्येकीला दुधाची कॅन. पोरांच्या हातात वाट्या आणि बापांच्या चेहऱ्यावर निकालाचा दिवस.

साहेब गाडीतून उतरले आणि दचकलेच. "हा काय प्रकार?"

"लोकसहभाग, सर!" मी ठोकून दिलं.

साहेब खूश! एवढे पालक त्यांनी झेंडावंदनालासुद्धा पाहिले नव्हते. त्यांच्या हातात घट्ट चहा दिला आणि प्रयोग सुरू केला. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा. दूध चांगलं असेल तर तो वर तरंगतो, पाणी असेल तर खाली जातो. पहिलं दूध, वर. दुसरं, वर. तात्यांच्या आजारी म्हशीचं तर असलं दाट, की लॅक्टोमीटर आत जाईना! एका रात्रीत सगळ्या गावाच्या म्हशी सुधारल्या होत्या.

साहेब म्हणाले, "अहो सर, सगळंच शुद्ध! मग पोरांना फरक कसा कळणार?"

प्रयोग फसला तर ग्रुप गेला! तेवढ्यात मोठ्या बाईच मदतीला धावल्या. "मी सकाळचं रतीबाचं दूध प्रयोगासाठी आणलंय. सरांच्याच घरचं, एकदम खात्रीचं. आधी ते मोजा, मग त्यात पाणी घालून दाखवा."

मी छाती काढून पोरांना सांगितलं, "नीट बघा. हे झालं शुद्ध दूध!" आणि लॅक्टोमीटर सोडला.

तो गेला की खाली! सरळ तळाला जाऊन बसला.

मी तांब्यातून पाणी ओतायला हात पुढं केला होता. तो तसाच राहिला. तात्या वाकून बघत म्हणाले, "गुरुजी, आता आनि पानी कशाला? हितं आधीच घातलंय की!"

सगळी शाळा हसली. पोरं टाळ्या पिटायला लागली. साहेबांना चहाचा ठसका लागला. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन बायकोवर भडकलो. "अगं, रतीबात पाणी घालतेस?"

"किटलीभर घट्ट दूध साहेबांना कुणी नेलं? वर 'बघ काहीतरी' कोण म्हणालं? बघितलं मी!" ती फणकारली. "आणि साऱ्या मुलखाला मेसेज गेला, मला मेलीला कुणी सांगितलं? सांगितलं असतं तर आपलं तरी दूध चांगलं निघालं असतं!"



ग्रुप बंद नाही झाला. साहेबांनी शेरा दिला, 'ग्रुपचा परिणाम गावभर दिसतो.' मोठ्या बाईंनी एक लॅक्टोमीटर घरी नेला आणि आमच्या हिला ग्रुपमध्ये घेतलं. आता रोज सकाळी बाई ग्रुपवर लॅक्टोमीटरसकट फोटो टाकतात: 'आजचे सरांकडचे दूध.' खाली गावभरचे अंगठे पडतात.

त्यात पहिला अंगठा आमच्या हिचा असतो!