पाठमोऱ्या हिरोचा शर्ट

आमच्या राजुऱ्यात पिक्चर लागायचा शुक्रवारी, पण त्याचा ताप सोमवारपासूनच चढायचा. आणि तो ताप चढवायचं काम टॉकीजवाले इतकं मन लावून करायचे की बस! अमरावतीहून पोस्टरची गुंडाळी आली की मॅनेजर ती कुलपात ठेवायचा. मग चौकातल्या फळीवर पोस्टर लागायचं, पण त्यावर जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं. रोज थोडं थोडं फाडायचं. सोमवारी बूट दिसणार, मंगळवारी गुडघा, बुधवारी हातातली बंदूक. ऑटोवर भोंगा बांधून एक माणूस गल्लीबोळांतून ओरडत फिरायचा, "येऊन राह्यला! येऊन राह्यला! कोन येऊन राह्यला? नाई सांगनार!" आणि खरंच न सांगता पुढच्या गल्लीत निघून जायचा. माझी अम्मी चिडायची. "नाई सांगनार तं बोंबलून काऊन राह्यला बाप्पा?" म्हणायची, आणि हातातलं पीठ तसंच ठेवून दारात उभी राहून ऐकायची.

मी शिंप्याची मुलगी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अब्बांचं दुकान. बारावीनंतर मी तिथेच बसू लागले. काज-बटण, तुरपाई आणि बाजूच्या शिवणी माझ्याकडे, आणि तोंडाची फटकळ म्हणून गिऱ्हाइकांना झापायचं खातंही माझ्याचकडे. अब्बा फार मऊ. ईदच्या आदल्या दिवशी कोणी कापड घेऊन आलं तरी "हाव, होऊन जाते ना" म्हणायचे, आणि पुढचं मी निस्तरायचं.

राजुऱ्यापासून आंध्रची हद्द जवळ. तिकडे लोक हिरोच्या फोटोला दुधाने आंघोळ घालतात म्हणे. आमच्या पोट्ट्यांनी आपली वेगळीच रीत पाडली होती. पहिल्या खेळाला हिरोच्या अंगातला शर्ट घालूनच जायचं, सगळ्यांनी एकसारखा, आणि तोही पिक्चर लागायच्या आधी शिवलेला. त्यांचा म्होरक्या होता एक सायकल दुरुस्तीवाला. हिरोवर असा जीव की हिरोचा पिक्चर पडला तर हा दोन दिवस दुकान उघडायचा नाही, आणि कोणी विचारलं तर "घरी दुःख हाय" म्हणून सांगायचा. पोस्टर उघडं झालं की तो अब्बांना सायकलच्या दांडीवर बसवून फळीपाशी न्यायचा. अब्बा चष्मा पुसून पाहायचे, परत यायचे आणि कात्री हातात घ्यायचे. एवढ्या वर्षांत एकदाही शर्ट चुकला नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अब्बा कोणताही कपडा शिवला की बाजूच्या शिवणीत दाब सोडायचे. दाब म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस जाड झाला की शिवण उसवायची, दाब काढायचा, कपडा पुन्हा अंगात बसतो. शाळेच्या गणवेशाला तर इतका दाब की पोरगं त्यातच मॅट्रिक व्हायचं. पण पिक्चरच्या शर्टाला दाब कधीच नाही. अब्बा म्हणायचे, "हा शर्ट पुढच्या पिक्चरपर्यंतचा. दाब कायले वाया घालवा?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या दुकानासमोर रेडिमेडचं दुकान उघडलं होतं. काचेत डोकं नसलेले पुतळे, त्यांच्या अंगात नागपूरचे शर्ट. आमच्याकडे शाळेचे गणवेश, म्हाताऱ्यांचे पायजमे आणि हे पिक्चरचे शर्ट एवढंच उरलं होतं. माझा मोठा भाऊ, भाईजान, तेव्हा ऊर्जानगरला, वीज केंद्रात लागला होता. त्याला क्वार्टर मिळालं होतं. दर सुट्टीला यायचा आणि तेच पालुपद लावायचा, "अब्बा, बस झालं आता. पाठ दुखते, डोळे गेले. शटर ओढा अन् चला माझ्याकडे. तिथी लाईट जात नाही." हे तो सांगायचा तेव्हा आमची लाईट गेलेलीच असायची. अर्ध्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्याचा बाप घामाघूम होऊन पायमशीन मारतोय, हे त्याला बघवायचं नाही. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मला राग यायचा. अब्बांना क्वार्टरात खुर्ची मिळाली असती; मला काय मिळणार होतं? मला ते दुकान हवं होतं. मशीनच्या तेलाचा वास, गिऱ्हाइकांशी भांडणं, सगळं हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच तो पिक्चर आला.

एवढी लपवाछपवी आम्ही कधी पाहिली नव्हती. गाण्यांच्या कॅसेटवर हिरोचा फोटो नाही. पेपरात जाहिरात म्हणजे नुसता काळा चौकोन आणि खाली तारीख. टॉकीजमध्ये एका पडेल पिक्चरच्या आधी त्याची झलक दाखवायचे. तीत अंधार, पावलांचा आवाज आणि शेवटी हिरोचा फक्त श्वास. तेवढा श्वास ऐकायला पोट्टे तिकीट काढायचे आणि पडेल पिक्चर सुरू झाला की उठून जायचे. गावात एकेक अफवा. हिरोने टक्कल केलं म्हणून तोंड दाखवत नाहीत. नाही, त्याचा डबल रोल आहे. नाही, तो आंधळा झालाय. आमच्या सायकलवाल्याने टायरची ट्यूब पाण्यात धरून, बुडबुडे बघत सांगितलं, "मले वाटते चाचा, तो मरून राह्यला पिक्चरमधी." आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. अशा माणसाला हसावं की पाणी द्यावं?

फळीवरचं वर्तमानपत्र रोज फाटत गेलं. टाचा दिसल्या, पोटऱ्या दिसल्या. शेवटचा कागद निघाला आणि सगळा चौक आ वासून बघत राहिला. हिरो पाठमोरा. नुसती पाठ! मोरपंखी शर्ट, खांद्यावर त्रिकोणी लाल पट्टी, पाठीच्या मधोमध एक रुंद चूण, कॉलरखाली कापडाची बारीक फीत. आणि समोरचा पत्ताच नाही.

"आता कसं गा चाचा?" सायकलवाल्याने विचारलं.

अब्बा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "पाठीवर एवढा नखरा करनाऱ्यानं समोर हात आखडला नसन. होऊन जाते."

भाईजान त्या दिवशी दुकानातच होता. पोट्टे गेल्यावर तो म्हणाला, "अब्बा, पाठ पाहून समोरचं कसं शिवता? अख्खं गाव हसन. समोरचा रेडिमेडवाला तर वाटच पाहून राह्यला." अब्बांनी खडू उचलला आणि कापडावर रेघ ओढत, मान वर न करता म्हणाले, "मंग असं कर. शर्ट चुकला तं शटर ओढतो अन् तुझ्यासंग येतो. बराबर निघाला तं हा विषय पुन्हा काढाचा नाही." भाईजान म्हणाला, "जबान?" अब्बा म्हणाले, "जबान." आमच्या घरात जबान दिली की दिली. अम्मीने अब्बांना असल्या तीन-चार शब्दांवरून आयुष्यभर ऐकवलं आहे.

मग अब्बांनी त्या हिरोला समोर वळवायला घेतलं. छातीवर दोन तिरके खिसे, बटणं पट्टीखाली झाकलेली, आणि डाव्या बाजूला, फक्त डाव्याच, खांद्यावरच्या लाल पट्टीची एक बोटभर रेघ खाली उतरलेली. सायकलवाल्याला चेन हवी होती. अब्बा म्हणाले, "जो मानूस पाठीत चूण घालते तो समोर चेन नाही लावत." एवढ्या ठामपणे म्हणाले की सायकलवाल्याने चेनचं नाव पुन्हा काढलं नाही. मलाही वाटलं, यांना सगळं दिसतंय. बाजूच्या शिवणी त्यांनी या वेळी स्वतःच मारल्या, माझ्याकडे फक्त काजं दिली. मी काजं करता करता मनात दुआ मागत होते, आणि दुआ तरी कसली? एका पाठमोऱ्या हिरोच्या खिशाची!

शुक्रवारी पहिला खेळ तीनचा. अब्बा जुम्याची नमाज आटोपून थेट टॉकीजला आले, भाईजान त्यांच्या बाजूला. मी आणि अम्मी बायकांच्या बाजूला. पुढच्या सगळ्या रांगा मोरपंखी. पोट्ट्यांनी पडद्यापुढे नारळ फोडला, कापूर लावला, मॅनेजरने शिव्या घालून तो विझवला. पिक्चर सुरू झाला. हिरोला टक्कल नव्हतं, डबल रोल नव्हता, डोळे शाबूत होते. पण अंगात तो शर्ट नव्हता. पांढरा घातला, काळा घातला, एका गाण्यात तर चक्क उघडाच नाचला. इंटरव्हल झाली. रेडिमेडवाला समोसा खात आमच्याकडे बघून हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने समोसा दुसऱ्या हातात घेतला.

शेवटी, अगदी शेवटी, सगळी मारामारी संपल्यावर, हिरो गाव सोडून निघाला. आणि अंगात तोच शर्ट! टॉकीज दणाणली. लाल पट्टी, चूण, फीत, सगळं तसंच. तो मातीच्या रस्त्याने दूर चालला होता, आमच्याकडे पाठ करून. हिरोइनने हाक मारली. तो थांबला. अख्खी टॉकीज उभी राहिली. "पलट!" सायकलवाला ओरडला. "पलट ना बे!" मग सगळेच ओरडू लागले, अम्मीसुद्धा. अब्बा पुढची खुर्ची धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

तो पलटला नाही. मान किंचित खाली घातली, आणि चालू लागला. पडद्यावर समाप्त.

बाहेर उतरत्या उन्हात आम्ही सगळे उभे राहिलो. सायकलवाल्याने एकदा स्वतःच्या छातीकडे पाहिलं, एकदा दुसऱ्यांच्या. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "अबे," तो म्हणाला, "समोरून हा शर्ट फक्त आपल्याले मालूम हाय!" आणि ती टोळी नाचत, शिट्ट्या मारत चौकाकडे गेली. अब्बा मात्र शब्दाला खरे. ते भाईजानला म्हणाले, "चुकला असं नाही म्हनता येत. पन बराबर निघाला असंबी नाही. तू सांग काय कराचं ते." मी भाईजानचा हात धरून काहीतरी बोलणार होते, अम्मीने मला चिमटा काढला.

आम्ही दुकानात आलो. अब्बांनी पंख्याचं बटण दाबलं, अर्थातच लाईट नव्हती. भाईजान उंबऱ्यात उभा राहिला, सगळीकडे एकदा पाहिलं, मग त्याने आपला रेडिमेड शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर अब्बांपुढे हात पसरून उभा राहिला. "मापं घ्या," तो म्हणाला. "मलेबी एक पायजे." अब्बांनी गळ्यातला टेप काढला. तो भाईजानच्या छातीभोवती धरून ते आकडे सांगू लागले, आणि मी निर्लज्जपणे रडत होते, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पुढे तो पिक्चर चालला. रेडिमेडवाल्याने नागपूरहून तोच शर्ट मागवला, समोरून साधा, एक खिसा. एकही पोट्टा घेईना. "हा डुप्लिकेट हाय," म्हणायचे. "असली समोरून असा नसते." ऊर्जानगरच्या क्वार्टरांतून, बल्लारपूरहून लोक असली शर्ट शिवायला आमच्याकडे येत राहिले. आणि भाईजानने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मधे बरीच वर्षं गेली. टॉकीज बंद पडली. अब्बांची नजर गेली. ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि मशीनच्या आवाजावरून माझ्या चुका काढायचे. दुकान आता मी चालवते. भाईजानचं पोट सुटलं तेव्हा तो आपला मोरपंखी शर्ट घेऊन आला होता. मी शिवण उसवून पाहिली, आत दाब नव्हता. "पिक्चरचा शर्ट आहे तुझा, पुढच्या पिक्चरपर्यंतचा," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं खूप हसलो.

मग एक दिवस सायकलवाला आला. केस पांढरे झालेले, पोट बाहेर. पिशवीतून त्याने तोच शर्ट काढला. पोरीच्या लग्नात, हळदीला घालायचा म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, याच्यात दाब नसतो, ढिला नाही होणार." तो इतका हिरमुसला की मी उगाच, त्याच्या समाधानासाठी, शिवण थोडी उसवली. आत चांगलं अंगठ्याएवढं कापड दुमडलेलं होतं. दोन्ही बाजूंना.

मी शर्ट घेऊन बाहेर गेले आणि अब्बांचं बोट त्या दाबावर ठेवलं. "अब्बा, पिक्चरच्या शर्टाले दाब? अन् भाईजानच्या शर्टात तर नव्हता."

अब्बांनी ते कापड चाचपलं. ओळखलं. 

"तुझ्या भावाचा तं पिक्चर पाहून आल्यावर शिवला ना," ते म्हणाले. "हे आधीचे. तवा मले वाटलं, आपलं दुकान आता राहत नाही. मंग या पोट्ट्यांनी ढिला कराले कुठी जावं? म्हटलं, सोडून ठेवू. कोनत्याबी शिंप्याले करता येईल."

म्हणजे तो खडू, ती ठाम रेघ, ते "होऊन जाते", सगळं चालू असताना हा माणूस एकेका शर्टात दुकानाचा निरोप शिवत होता. आणि मी शेजारी बसून, यांना सगळं दिसतंय असं समजत होते.

सायकलवाल्याला मी म्हटलं, "बसा भाऊ, आत्ता करून देते." आत येऊन दोन्ही शिवणी उसवल्या. पोटापुरता दाब काढला, आणि उरलेला तसाच आत दुमडून ठेवला.