मुकादमबाईंची चोवीस मिनिटं

मुकादमबाईंना राग आला की त्या भांडत नाहीत, पुसायला घेतात. त्या दिवशी मीटिंगच्या खोलीतून त्या तरातरा बाहेर आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या झाडून सगळ्या खिडक्या त्यांनी लख्ख करून टाकल्या. त्यांच्या हाताखालच्या सात जणी लांबून बघत होत्या. जवळ जायची कुणाची टाप नव्हती.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी रुग्णालयात नवी यंत्रणा आली होती. प्रत्येक वॉर्डात भिंतीवर मोठा पडदा, आणि पडद्यावर एकेका पलंगाचा चौकोन. पेशंट असला की लाल, सफाई चालू असली की पिवळा, तयार झाला की हिरवा. कुठला पलंग कधी मिळेल ते खाली कॅज्युअल्टीत बसल्याबसल्या कळणार, कुणी स्ट्रेचरवर ताटकळणार नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मुकादमबाईंना तर त्या पडद्याचं कोण कौतुक! जाता-येता त्याची काच पुसायच्या.

पण तीन महिने झाले तरी खाली स्ट्रेचरची रांग होती तशीच. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांनी, यंत्रणेलाच विचारलं की बाई गं, वेळ नेमका जातो कुठे? यंत्रणेनं बिनदिक्कत सांगितलं, सफाईत. एका पलंगाला सरासरी तीन तास चाळीस मिनिटं!

"एवढ्या वेळात मी पलंग सुटा करून परत जोडीन," मुकादमबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की महिनाअखेरीला सफाईचं काम बाहेरच्या कंपनीला जाईल. मुकादमबाईंना हवं तर कपड्यांच्या खोलीत बसवू, बाकीच्या सात जणींचं काही सांगता येत नाही.

सव्वीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. प्रसूतीच्या वॉर्डात फरशी पुसण्यापासून सुरुवात केली होती. सातही जणींना त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, कुठलं फडकं कुठे वापरायचं इथपासून. आणि आता एका पडद्यानं सगळ्यांना एका फटक्यात आळशी ठरवलं होतं. जीव जळणार नाही तर काय!

घरी आल्यावरही त्यांनी ओटा दोनदा पुसला. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, त्याला खूण पटली. "कुणी दुखवलं गं?" त्यानं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. तो जरा वेळ डोकं खाजवत बसला.

"आमचंही असंच असायचं," तो म्हणाला. "गाडी शेवटच्या स्टॉपला उशिरा पोचली की बोलणी ड्रायव्हरला. मधल्या स्टॉपांवर काय झालं, कुण्णी विचारायचं नाही. एकदा मी कंडक्टरला सांगितलं, प्रत्येक स्टॉपची वेळ लिही. साहेबांचं तोंडच बंद झालं."

मुकादमबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "अहो, म्हणजे तुम्ही कधी कधी कामाचंही बोलता की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यंत्रणा बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी हुशार, वागायला गोड, पण तिची सगळी दुनिया त्या लॅपटॉपात.

"मावशी, मी मुद्दाम नाही हो केलं," ती आधीच म्हणाली. "आकडे तसे आलेत."

"आले असतील. तू माझ्याबरोबर एक दिवस बसायचं. एक पलंग धरायचा, आणि घड्याळ लावून फक्त बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही."

"अख्खा दिवस?"

"तीन तास चाळीस मिनिटं," मुकादमबाई म्हणाल्या. "तुझाच आकडा आहे."

त्यांनी अकरा नंबरचा पलंग धरला. त्यावर एक निवृत्त मास्तर होते, आज घरी जाणार होते. दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी त्यांच्या डिस्चार्जचं बटण दाबलं. त्याच क्षणी भिंतीवरचा अकरा नंबर लालाचा पिवळा झाला. म्हणजे सफाई सुरू! आणि मास्तर? मास्तर त्याच पलंगावर बूट-मोजे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

"आता मास्तरांसकट पुसू का पलंग?" मुकादमबाईंनी हळूच विचारलं. इंजिनिअर मुलीनं आ वासला तो मिटलाच नाही.

घरी न्यायची औषधं यायला सव्वाअकरा उलटून गेले. न्यायला येणारा मुलगा गाडी लावायला जागा शोधत बाहेर फिरत होता. मास्तर पलंगावरून उठले तेव्हा सव्वाबारा झाले होते. सिस्टर एकटी, समोर तीन सलाइन, सफाईवाल्यांना फोन करायला तिला वेळ मिळाला बारा चाळीसला. फोन खाली ठेवल्यापासून तिसऱ्या मिनिटाला दोघी जणी बादली घेऊन हजर. त्यांनी चादर काढली, गादी पुसली, कठडे, चाकं, बेलचं बटण, शेजारचं कपाट, सगळं केलं, नवी चादर अंथरली. चोवीस मिनिटं. एक वाजून सात मिनिटांनी पलंग आरशासारखा तयार!

आणि पडद्यावर? पिवळाच. कारण हिरवं बटण दाबायचा अधिकार फक्त सिस्टरला, आणि सिस्टर जेवणाची ताटं वाटत होती. पावणेदोनला ती संगणकापाशी आली आणि तीन पलंग एकदमच हिरवे केले.

इंजिनिअर मुलीनं वहीत बेरीज केली. बरोब्बर तीन तास चाळीस मिनिटं.

"मावशी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला होता, "आम्ही आराखडा केला तेव्हा डॉक्टर होते, सिस्टर होत्या, औषधवाले होते. डिस्चार्ज झाला की पुढे सफाई, असं सगळ्यांनी मान हलवून सांगितलं. सफाईवालं कुणीच नव्हतं तिथे."

"होतो की," मुकादमबाई म्हणाल्या. "त्या मीटिंगनंतर टेबल कुणी पुसलं?"

पोर ओशाळली. मुकादमबाईंना मग तिचीच दया आली. "बरं, तोंड पाडून बसू नकोस. पाच पलंग अजून बघू, म्हणजे कुणी म्हणायला नको की एकावरून ठरवलं."

आठवड्यानं पुन्हा मीटिंग. पडद्यावर सहा पलंग, सगळ्यांचे सगळे थांबे मांडलेले. औषधवाले म्हणाले, आम्हाला यादी उशिरा मिळते. सिस्टर म्हणाल्या, आम्हाला माणसं कमी. या खेपेला कुणी कुणावर ढकललं नाही, कारण कुणाचं काय कुठे अडतं ते समोरच दिसत होतं. औषधांची यादी आदल्या संध्याकाळीच पाठवायची ठरली. सात जणींच्या फोनवर तीन बटणं मिळणार होती: पेशंट उठला, सफाई सुरू, पलंग तयार. कंपनीचा विषय मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच मागे घेतला.

इथे कुणीही आनंदानं उठून गेलं असतं. पण मोठे डॉक्टर म्हणाले, "एक राहिलं. ही चोवीस मिनिटं पंधरावर आणता येतील?"

"नाही," मुकादमबाई म्हणाल्या.

त्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची तिथे रीत नव्हती.

"गादीला औषध लावलं की ती दहा मिनिटं ओली राहू द्यावी लागते. ओलं असेपर्यंतच ते जंतू मारतं. लगेच कोरडी केली तर पलंग दिसायला चकचकीत होईल, पण स्वच्छ नसेल. तीन तास सोळा मिनिटं माझी नव्हती, ती मी तुम्हाला शोधून दिली. ही दहा माझी आहेत. यातलं एक मिनिट देणार नाही. नोकरी काढून घ्यायची तर घ्या."



मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे लिहिलंय कुठे?"

"कुठे लिहिणार? मी एकीला सांगते, ती दुसरीला सांगते."

"मग आता लिहा," डॉक्टर इंजिनिअर मुलीला म्हणाले. तिनं आधीच लिहायला घेतलं होतं. पडद्यावर चौथा रंग आला, निळा, आणि त्यात उलटे धावणारे दहा मिनिटांचे आकडे.

स्ट्रेचरची रांग संपली असं नाही, पण निम्म्यानं तरी कमी झाली. पावसाळी सर्दी-तापाच्या दिवसांत एका दुपारी कॅज्युअल्टीतले तरुण डॉक्टर स्वतः स्ट्रेचर ढकलत वर आले. अंगात घाई, कपाळावर घाम. पेशंट शुद्धीवर होता, बोलत होता, पण दमला होता. सात नंबरच्या पलंगापाशी मुकादमबाई फडकं घेऊन उभ्या. गादी ओली, पडदा निळा.

"मावशी, ठेवू का पेशंटला?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अजून चार मिनिटं, डॉक्टर."

डॉक्टरांनी स्ट्रेचरचा ब्रेक लावला, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिथेच उभे राहिले.