लसणाचा पाव आणि काकूंचे उपवास

आता परभणीत कुठल्याही हॉटेलात बसा, पोरं बसल्या बसल्या गार्लिक ब्रेड मागवतात. माझी भाची तर मला शिकवते, मावशी, हा असा मोडायचा, असा बुडवायचा. मी खाते मुकाट्यानं. मनात म्हणते, अगं बाई, तू जन्मायच्या आधी गंगाखेडला गोदावरीच्या वाळूवर भाजलाय मी हा, आणि एकटीनं बसून संपवलाय.

मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि मी झरीहून गंगाखेडला आले. नामांतराचे दिवस होते, आणि आम्ही बौद्ध. खोली बघायला गेलं की लोक आधी बसा म्हणायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या ओळखीतल्या एका विधवा काकूंकडे शब्द टाकला. काकूंना माझं सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी खोली दिली. हे पुण्य मी आजही त्यांच्या पदरात घालते. त्यांचा मुलगा-सून नांदेडला. अंगणाच्या एका अंगाला काकू, दुसऱ्या अंगाला मी, आणि मधे म्हैस.

काकू मनाच्या लय चांगल्या. परसातली मेथी, लिंबं, ताक, सारखं काही ना काही आणून द्यायच्या. मला ताप भरला तेव्हा कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. सणावाराला तर झाकलेलं ताट माझ्या दारात ठरलेलं. पण माझ्या हातचं त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. मी काही पुढं केलं की त्यांचा उपवास असायचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधे एकादशी, चतुर्थी, आणि काहीच सापडलं नाही तर पित्त.

शेजारणीचं ताट रिकामं परत करू नये, म्हणून मी त्यात मूठभर साखर घालून द्यायची. साखर चालायची. कोरडं चालतं, शिजवलेलं चालत नाही, एवढं कळायला मला पदवी लागत नव्हती. पण कळणं वेगळं आणि मनाला पटवणं वेगळं. मी मनाला सांगायची, म्हातारं माणूस आहे, देवाधर्माचं आहे, उपवास असतील खरंच. शाळेतून आल्यावर बोलायला त्या नाहीतर म्हैस. त्यांनाही परकं केलं असतं तर मग फक्त म्हैस उरली असती.

परभणीला होम सायन्स शिकताना आमच्या मॅडमनी आम्हाला लसणाचा पाव शिकवला होता. कॉलेजात ओव्हन होता. गरम पाव बाहेर काढला की आम्ही सगळ्याजणी एकाच ताटावर तुटून पडायचो, बोटं भाजायची, लोणी हनुवटीवरून ओघळायचं. तिथं कुणी कुणाचं आडनाव चाखून बघितलं नाही. गंगाखेडच्या खोलीत मला त्या पावाची आठवण यायची ती खरं तर त्या ताटाची.

ओव्हन कुठून आणणार? नदीवरून पिशवीभर वाळू आणली, चाळली, धुऊन वाळवली. जाड बुडाच्या पातेल्यात ती पसरून रॉकेलच्या स्टोव्हवर तापवली. बेकरीवाल्या चाचांकडून खमीर मागून आणलं. मैद्यात ते मळून गोळा गोधडीत गुंडाळून ठेवला, तर दुपारपर्यंत असा टम्म फुगला की मला एकटीलाच हसू आलं. डब्यात घालून तो डबा वाळूत रोवला, वर झाकण, झाकणावर शेगडीतले निखारे. लसूण आईनं झरीहून पाठवलेला. मीठ घालून ठेचला, काकूंकडून घेतलेल्या लोण्यात कालवला, वरून कोथिंबीर. पावाच्या कापांना ते माखून पुन्हा वाळूच्या धगीवर ठेवलं आणि सगळ्या अंगणात घमघमाट सुटला.

काकू माझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या. कशाचा वास सुटलाय म्हणून विचारलं. मी सांगितलं, लसणाचा पाव, आणि लोणी तुमचंच हाय काकू. एक काप पुढं केला. बेकरीतला टोस्ट त्या रोज चहात बुडवून खायच्या, त्यामुळं पावाला नाही म्हणायची सोय नव्हती.

"चौमासा हाय न्हवं बाई," त्या म्हणाल्या. "चंपाषष्टी झाल्याबिगर आमच्यात कांदा-लसूण चालत न्हाई."

सांगते तर हसाल, पण मला आनंद झाला. इतक्या उपवासांत हा पहिलाच, ज्याला शेवट होता. मी म्हटलं, मग चंपाषष्ठीला तुमच्यासाठी करते. त्या बरं म्हणाल्या. बरं म्हणाल्या! मी वेड्यासारखी त्या 'बरं'वर श्रावण काढला, दिवाळी काढली.

चंपाषष्ठीला काकूंचं ताट आलं. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. मी सकाळपासून वाळू तापवूनच बसले होते. त्यांचं ताट घासून पुसलं, आणि साखरेच्या जागी त्यात लसणाचे गरम काप रचले. नेऊन दिलं. काकूंनी दोन्ही हातांनी घेतलं. पदरानं झाकून आत नेलं. मी खोलीत येऊन उरलेला पाव खाल्ला, आणि कितीतरी दिवसांनी मला घरात कुणीतरी माझ्याबरोबर जेवतंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर टाकायला गोठ्याकडं गेले. गव्हाणीत, कडब्याच्या बाजूला, माझे काप पडले होते. सगळे. म्हशीनंही तोंड लावलं नव्हतं, लसणाच्या वासानं असेल. नुसतं तेवढंच असतं तर मी चिडले असते, चार शब्द सुनावले असते, आणि मोकळी झाले असते. पण वरचा काप चावलेला होता. काकूंचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळं घास तोडताना मधे फट राहायची. ती फट त्या कापावर होती. म्हणजे बाईनं तो तोंडात घातला होता, दात रोवले होते, आणि मग तिला तो गिळवला नव्हता. रागवू कुणावर? मी तिथंच गोठ्यात उभी राहून रडले. काकूंना काही बोलले नाही. आणि त्या दिवसापासून उपवासांवरचा माझा विश्वास उडाला.

पुढं संक्रांत आली. आदल्या दिवशी भोगी. दुपारी काकू दारात, हातात झाकलेलं ताट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. मला सकाळपासून भूक होती. सुट्टी म्हणून मी काही शिजवलंही नव्हतं.

"माझा आज उपवास हाय काकू," मी म्हटलं.

काकूंना आधी ती गंमतच वाटली. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणाल्या, आजच्या दिवशी कोण उपास करतंय, घ्या मुकाट. मी हात पुढं केला नाही. मग मात्र त्यांचं हसू गेलं. ताट तसंच धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"तुमच्यात तर उपास नसतेत की बाई."

"नसतात. हितं तुमच्याकडं राहून शिकले."

त्यांचा चेहरा उतरला, ताटावरचं झाकण थोडं सरकलं ते त्यांनी नीट केलं, आणि वळल्या. अंगण ओलांडायला त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं होतं, असं बोलल्यावर जीव शांत होईल. झाला नाही. धावत जाऊन त्यांच्या हातातलं ताट ओढून घ्यावं आणि त्यांच्याच ओट्यावर बसून खावं, असंही वाटलं. पण पाय उचलला नाही, आणि त्यांनीही मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत दुपारच्या तिळाचा, भाजलेल्या बाजरीचा वास अंगणात रेंगाळत राहिला. काकूंनी मात्र चूल पुन्हा पेटवली नाही. ते ताट त्यांच्या ओट्यावर झाकलेलंच राहिलं, त्या स्वतः जेवल्या असतील असं मला वाटत नाही. कोपऱ्यात माझं वाळूचं पातेलं होतं, मैदा होता, लसूण होता. करायचं मनात आलं नाही. त्या दिवशी मी खरंच काही खाल्लं नाही.